चैत्रातलं हळदीकुंकू आणि तुझा आलेख

चंदीगड, १० मे १९७५

प्रिय लीनास नलिनीचा (जरा संकोचलेला) सप्रेम नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? नागपूरच्या उन्हात त्यांना आराम पडत असेल. आम्ही ह्यांच्या बदलीमुळे इकडे येऊन तीन वर्षं झाली, तरी इथला उन्हाळा अंगवळणी पडत नाही.

काल माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. संक्रांतीला इथल्या गारठ्यात आमच्या सगळ्या मराठी बायका शाली गुंडाळून, एकाच मंद चालीने, पाच ते साडेपाचच्या आत आल्या होत्या. तोच अंदाज मी कालही धरला, आणि फसले. कांचन चार वाजताच, मी केस पुसत असताना, धावत आली ("वहिनी, आधी पंखा लावा!"). पाठोपाठ दोघी रिक्षावाल्याला पिटाळत. बाकीच्या सातपर्यंत जमेल तशा. आणि प्रतिमाताई, जानेवारीतल्याच चालीने, प्रत्येक झाडाच्या सावलीत थांबत, साडेसातला. तोवर पन्हं संपलं होतं. (पहिल्या आलेल्यांनी तीन-तीन पेले घेतले. नाही कसं म्हणणार?)

धाकटी उल्का बी.एस्सी.ला आहे. कोपऱ्यात वायूंचा धडा घोकत होती, ती हसत सुटली. "मम्मी, ये तो मेरा ग्राफ है!" थंड वायूत बहुतेक रेणूंचा वेग सारखासारखाच, म्हणून कुठल्या वेगाचे रेणू किती, हे दाखवणाऱ्या आलेखाची टेकडी उंच आणि अरुंद. तापवला की ती जास्त वेगाकडे सरकते, बुटकी होते, पसरते. काही रेणू सुसाट सुटतात, तरी थोडे सावकाश राहतातच. टेकडीखालची जागा मात्र तेवढीच, कारण रेणू तेवढेच. (संक्रांतीला चौदा जणी होत्या, कालही चौदाच.)

मी हसले, आणि मग मला हसवेना. ही टेकडी इंटरला सिस्टर अ‍ॅग्नेससमोर फळ्यावर तू काढली होतीस. "तापवलं तरी काही रेणू सावकाशच राहतात," असं तू म्हणालीस, आणि मी मागच्या बाकावरून म्हटलं, "लीनासारखे!" सगळा वर्ग हसला. सिस्टरही हसल्या. तू खडू खाली ठेवलास, आणि त्या वर्षाअखेर फिजिक्सही सोडलंस. तुझं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, लीना. माझा पहिला नंबर जाईल, एवढीच भीती होती.

तुझी,
नलिनी

ता. क. प्रतिमाताईंना रिकामं पातेलं दाखवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "असू दे गं, उशिरा का होईना, आले ना मी?"

ता. क. २. एकवीस तारखेला नागपूरला उतरते आहे, तिकीट काढलंय. स्टेशनवर येऊ नकोस. बत्तीस वर्षं उशीर झालाय, पन्हं नसलं तरी चालेल. फक्त दार उघड.