पाहुण्यांचा कोपरा

प्रिय ढोल्या,

तू पाठवलेलं पोस्टर पोचलं. टपालवाला ते दुमडून दाराच्या फटीतून सरकवायला बघत होता, तेवढ्यात तुझ्या दाजींनी दार उघडून ते त्याच्या हातातून असं काढून घेतलं की बिचारा घाईघाईने जिना उतरला. आता ते बैठकीत आरशाच्या जागी लावलंय आणि आरसा पलंगामागे गेलाय. सकाळी सवयीने केस विंचरायला उभी राहिले की समोर तुम्ही दोघं उघड्या अंगाने माझ्याकडे डोळे वटारून बघत असता. तुझं पोट छापणाऱ्याने कुठे दडवलं ते त्यालाच ठाऊक. साठीला आलेले दोन हेवीवेट, तेही एकमेकांचे मेव्हणे-दाजी, पुढच्या महिन्यात टीव्हीसाठी ठोसाठोशी करणार याची तुला गंमत वाटते. त्यांनाही वाटते. मला वाटत नाही. फोनवर बोलायचं तर तू घाईत असतोस आणि ते शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहायला घेतलंय.

इकडची खबर अशी की ते अजून लाँड्रीत कामाला जातात, पण दुपारपर्यंतच. हॉटेलच्या मोठ्या चादरींची घडी घालायला दोन माणसं लागतात. ते एकटेच घालतात, कारण त्यांचे हात या टोकापासून त्या टोकाला पोचतात. तिथल्या बायका त्यांना ‘कपाट’ म्हणतात आणि दिवा बदलायचा असला की शिडी शोधत बसण्याऐवजी त्यांनाच हाक मारतात. बरं चाललं होतं. मग तुझा फोन आला आणि घरात उत्साहाला उधाण आलं. सकाळी लांबवर चालणं, दुसरी वाढणी बंद, इमारतीच्या मागे दोरीवरच्या उड्या. उड्या कमी आणि दोरीला शिव्याच जास्त, पण माणूस खूश आहे. लग्न झाल्यापासून मी त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं. परवा दाढी करताना घालत होते. सूर कुठला नव्हता, पण शीळ होती.

तुला त्यांचं काम कधी नीट कळलं नाही, आणि त्यात तुझा दोष नाही. तू जिंकणाऱ्यांतला. त्यांचं काम होतं हरणं. लबाडी नव्हे हं. ठरवून आडवे होणाऱ्यांची त्यांना चीड होती. पण एखाद्या गावात नवा, दमदार मुलगा तयार झाला की त्याच्यासमोर कुणीतरी उभं करावं लागतं. तो लगेच कोसळणारा नको, मुलाला चार गोष्टी शिकवणारा हवा, आणि शेवटी गुणांवर रीतसर हरणारा हवा. असा माणूस म्हणजे तुझे दाजी. सामने लावणाऱ्याचा फोन आला की पेटी उचलायची, बस पकडायची आणि पाहुण्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. टाळ्या समोरच्या कोपऱ्यासाठी. पोस्टरवर मोठं नाव समोरच्याचं, यांचं खाली बारीक अक्षरात, कधी कधी चुकीचंही. एवढ्या धिप्पाड गड्यांचे ठोसे झेलून ते घरी यायचे ते सरळ नाकाने. समोरच्याचा हात कुठवर पोचेल हे त्यांना त्याच्या खांद्यावरून कळायचं आणि डोकं ते तेवढंच मागे घ्यायचे, वर एक बोटही जास्त नाही. पोरगा फारच पेटला तर मिठी मारून त्याच्या अंगावर रेलायचे आणि कानात सांगायचे, “सावकाश, श्वास घे, अजून बराच वेळ आहे.” घरी आल्यावर बूट काढता काढता मला सांगायचे, “आजचा मुलगा छान दिसला.” तुम्ही कसे दिसलात असं विचारलं तर म्हणायचे, “मला बघायला कोण आलं होतं?” हे ते कुरकुर म्हणून नाही, नुसती माहिती म्हणून सांगायचे.

तुझ्या बाबतीत मात्र त्यांची गफलत झाली. तुझ्या नावापुढे आणखी एक विजय चढावा म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. तू हनुवटी वर करून धावत आलास, त्यांनी तुला लांब ठेवायला हात नुसता पुढे धरला आणि तू त्यावर जाऊन आदळलास. नंतरचं तुला आठवणं शक्य नाही. मला ते आमच्या लग्नात त्या रेफरीनेच सांगितलं. तू पडल्याबरोबर हे गुडघ्यावर बसून तुझी मान सरळ करायला लागले. रेफरी ओरडतोय, आधी कोपऱ्यात जा, त्याशिवाय मला आकडे मोजता येत नाहीत. आणि हे म्हणतायत, आकडे राहू द्या, आधी डॉक्टरला बोलवा. जिंकलेल्या माणसाला ढकलत ढकलत कोपऱ्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते संत्र्यांची पिशवी घेऊन आपल्या दारात. दार मी उघडलं आणि जिन्यातला उजेडच गेला. आईने खुर्ची दिली, खुर्ची करकरली, तसे ते घाबरून उठले आणि बराच वेळ उभ्याउभ्याच तुझी चौकशी करत राहिले. तू खोलीबाहेर आला नाहीस. संत्री मात्र तूच संपवलीस, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्या विजयाने त्यांचं काम बुडालं. चुकून जिंकणाऱ्या माणसाला कोण बोलावणार? पुन्हा विश्वास बसायला दोन-चार ठिकाणी व्यवस्थित हरून दाखवावं लागलं, तेव्हा कुठे फोन वाजायला लागला. मधल्या रिकाम्या दिवसांत ते तुझी तब्येत विचारायच्या निमित्ताने आपल्याकडे वरचेवर येत राहिले. तू ठणठणीत बरा झाल्यावरही येत राहिले. आईच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. माझ्या जरा उशिरा आलं.

तू पुढे बेल्ट जिंकलास, तुझं नाव झालं. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. पण कुणीही तुझ्या कारकिर्दीबद्दल विचारलं की तू हसत हसत त्या एका हरण्यावर येतोस, आणि तेव्हा तुझ्या मानेची शीर ताठ होते. लहानपणी पत्त्यांत हरलास की अशीच व्हायची आणि मग तू डाव उधळायचास. गेल्या आठवड्यातल्या मुलाखतीत म्हणालास की या वेळी दाजींचा हिशेब चुकता करणार. मुलाखत घेणारी हसली, तुझे दाजी तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मी हसले नाही. तुला पाळण्यापासून ओळखते मी. तू थट्टेत कधी खोटं बोलत नाहीस.

आता खरं ते सांगते. बैठकीतून स्वयंपाकघरात येताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागतो. रोज लागतो. तिथला रंग उडून लाकूड दिसायला लागलंय. पेला टेबलावर म्हणून ठेवतात तो टेबलाच्या अलीकडे. चहा घेणार का विचारलं तर उत्तर येईपर्यंत चहा गार होतो. मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने फोटो दाखवून समजावलं की इतक्या वर्षांचा मार आत साठत जातो. जे ठोसे चुकवले असं वाटलं ते सगळेच काही चुकलेले नसतात. यापुढे डोक्याला एकही धक्का बसता कामा नये, असं तो दोनदा म्हणाला. तुमच्या सामन्याच्या डॉक्टरने मात्र छाती तपासली, रक्तदाब बघितला आणि पाठ थोपटली. त्याने डोक्याचं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. तुला कळू द्यायचं नाही असा शब्द माझ्याकडून घेतला. तो मी आज मोडते आहे, कारण मला फार भीती वाटते रे.

मी भांडले, रडले, पोस्टर फाडायची धमकी दिली. ते पोस्टरकडे बघत राहिले. मला वाटलं, नेहमीसारखं उत्तर उशिरा येतंय. पण ते विचार करत होते. मग म्हणाले, “त्याने माझं नाव स्वतःच्या नावाएवढं छापलंय.” बस, एवढंच. तू आता सामना रद्द केलास तर मीच सांगितलं हे त्यांना कळेल, आणि त्या दिवसापासून ते घरात आजारी माणूस म्हणून बसतील. तसं बसलेलं मला त्यांना बघायचं नाही.

म्हणून रद्द करू नकोस. ग्लोव्ह्ज मोठे आणि मऊ आहेत, राउंड तीनच आहेत, पण टीव्हीवर चेहरे दिसायला हवेत म्हणून डोक्याला काही बांधणार नाहीत. तेव्हा त्यांच्या मानेच्या वर तुझा हात जायला नको. दंडावर मार, मिठी मारून रेल, दमले तर उभे धरून ठेव. लोकांना कळता कामा नये आणि त्यांना तर मुळीच नाही. हे बेल्ट जिंकण्यापेक्षा अवघड आहे, मला माहीत आहे. त्यांनी ते दरवेळी परक्या पोरांसाठी केलं, तू एकदा त्यांच्यासाठी कर. गुणांवर ते जिंकले तर जिंकू देत. दुसऱ्यांदा हरलास म्हणून लोक तुझी टर उडवतील, तेव्हा मान ताठ करू नकोस. ‘दाजी आहेत माझे,’ म्हणून सांग. तुमच्यापैकी एकाचाही सामना बघायची माझी आजवर छाती झाली नाही. हा बघायला येणार आहे. अगदी रिंगला लागून बसणार आहे. सगळे लोक तुमच्या तोंडांकडे बघत असतील. मी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फक्त तुझ्या हातांकडे बघणार आहे.

तुझीच,
ताई