प्रेस्टनच्या नावाची मिस्सा

प्रिय जेनिस,

शनिवारी सकाळी मी पुन्हा प्रेस्टनचा नंबर लावला. तुझ्या भावाची टगबोट बुडाली त्याला दोन वर्षं होऊन गेली. बाकीचे सगळे सापडले, तो नाही. त्याचं सिम मी अजून चालू ठेवलंय. आधी अरबीत, मग इंग्रजीत एक बाई सांगते की फोन बंद आहे. मी शेवटपर्यंत ऐकतो. रडू येत नाही. चहा पितो आणि रास अल खोरला गोदामावर जातो.

इथे अल कुसैसमध्ये घरी बाकी ठीक. मम्मी विचारते, नारायणगावला बोंबील मिळतात का, की तुम्ही नुसते तारेच खाता?

तू मागे फोनवर समजावलंस ते डोक्यातून जात नाही. नारायणगावच्या दुर्बिणीच्या ज्या अँटेनांनी तुम्ही दूरच्या आकाशगंगा ऐकता, त्यांनीच मंगळावर उतरणारं यानही ऐकलं. यान काही सांगत नव्हतं, नुसता एक सूर लावून होतं. तो किती चढतो, किती उतरतो यावरून यानाचा वेग तुम्हाला इथे बसून कळत होता. उतरता उतरता सूर तुटला. तुम्ही आणखी काही दिवस ऐकत राहिलात, मग अँटेना दुसरीकडे वळवल्यात. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. विचारलं, एवढ्यात सोडून दिलं? तू म्हणालीस, "डॅडी, त्या अँटेनांसाठी दुसरेही थांबले होते."

मम्मीला सांगितलं तर म्हणाली, मंगळावरचं ऐकू येतं आणि इथल्या समुद्रातलं नाही, हे कसलं शिक्षण! मग बराच वेळ भाजी निवडत राहिली.

तुझा डॅनियलही लग्नासाठी थांबलाय. प्रेस्टन आल्याशिवाय घरात लग्न नको, असं मम्मी म्हणाली होती आणि मीही मान हलवली होती. तू एकदाही तक्रार केली नाहीस.

दर महिन्याला मी चर्चच्या ऑफिसात प्रेस्टन सुखरूप परत यावा म्हणून मिस्सा सांगतो. या वेळी तिथल्या लिनेटने न विचारताच तसं लिहायला घेतलं. मी तिला थांबवलं. म्हटलं, "मृतांसाठीच्या मिस्सेत घे."

मम्मीला घरी येऊन सांगितलं. आज सकाळी ती माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती. चर्चमध्ये फादरनी मृतांमध्ये प्रेस्टनचं नाव वाचलं तेव्हा माझ्या आत काहीच हललं नाही. गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली. बाहेर आल्यावर डॅनियलच्या आईला फोन लावला आणि लग्नाला जानेवारी चालेल का, विचारलं. त्या हो म्हणाल्या.

तुझाच,
डॅडी