बाळंतिणीच्या खोलीचा झरोका

माय, तुझी ती पितळेची तेलाची वाटी अजून माझ्याकडे आहे. बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालायला जाताना पिशवीत टाकायचीस ती. मी आता तिच्यात स्क्रू ठेवतो. रागावू नकोस, घासून ठेवतो. तू गेल्यावर शाळेत मन लागलंच नाही. खापर गावच्या बाजारात मोबाईलची कव्हरं विकली, सुरतेला कापडाच्या गाठी उचलल्या, मधेच वर डोंगरात एका टॉवरच्या कामावर राहिलो. तिथली पहाट काय सांगू तुला, पण ते जाऊ दे. आता घरोघर कॅमेरे बसवतो. दाराला सायरन, खिडकीला सेन्सर. लोकांना चोराची भारी भीती, आणि त्या भीतीवर माझं बरं चाललंय.

तुला आठवतं का, पुरुषोत्तमनगरला एका बाळंतिणीकडे तू मला नेलं होतंस? थंडीचे दिवस. बाजेखाली कोळशाची शेगडी, दारं-खिडक्या गच्च, बाळाला वारा लागू नये म्हणून. तू अंगणात पाणी तापवतेस आणि मला वाटतं आपणही काही मदत करावी, म्हणून मी वरच्या झरोक्यात पोतं कोंबतो. तू आत येतेस, पोतं ओढून काढतेस आणि सगळ्या बायांसमोर माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "धूर दिखस नई म्हनीसन हवा चांगली शे का रे?" मग शेगडी उचलून अंगणात ठेवतेस. त्या घरची सासू दिवसभर तुझ्याशी बोलली नाही. परत येताना तू पदराखालून बाळंतिणीचा डिंकाचा लाडू काढून मला दिलास. अर्धा तूच खाल्लास.

गेल्या हिवाळ्यात शहाद्याजवळ एका केळीवाल्यांच्या घरी काम होतं. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली. घरचे काका म्हणाले, तिच्या खोलीचा झरोका मोठा आहे, चोर सहज शिरेल, तोही बंद कर. मी प्लायवूड ठोकलं, कडेने सिलिकॉन भरलं, मुंगीलासुद्धा वाट ठेवली नाही. काका खूश, मी खूश. मुलगी तेवढा वेळ बाळाला घेऊन ओट्यावर उन्हात बसली होती. शेगडी खोलीतच कोपऱ्यात होती, मी तिला ओलांडून शिडी लावली, आणि माय, मला काही म्हणजे काही आठवलं नाही.

दुपारी मी परत गेलो. काकू स्वयंपाकघरात डिंक तळत होत्या. मुलीच्या खोलीकडे पाहिलं तर दार लावलेलं. काकू म्हणाल्या, "डोकं दुखी ऱ्हायनं तिन्हं, उलटीबी व्हयनी. आते झोपेल शे, जागाडू नको." शेगडी कुठे आहे, मी विचारलं. "बाजखाले. कोळसा लालेलाल शे, धूर नई जराबी."

धूर नाही म्हणाल्या आणि माझ्या पाठीत तुझा धपाटा बसला. परक्या पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं, मला माहीत आहे. काकू ओरडत मागे आल्या, मी दार ढकललं, बाळ उचलून त्यांच्या हातात दिलं. काका आणि मी बाज तशीच उचलून ओट्यावर आणली. मुलीची मान एका बाजूला कलंडत होती. काकूंनी तिच्या गालांवर थापट्या मारल्या, काका अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करत होते आणि स्वतःच्याच गावाचं नाव त्यांना सांगता येईना. मग बाळ रडलं. इतकं खणखणीत, की तसला सायरन मी आजवर बसवला नाही. त्या आवाजाने मुलीने डोळे उघडले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी गॅस चढला, आणि दोघांना ऑक्सिजन लावला. तिसऱ्या दिवशी दोघं घरी. झरोका मीच बुजवला, हे मी सांगितलं. काका म्हणाले, सांगणारा मी. काकू म्हणाल्या, कोळसे माझे. दोष घ्यायला असे तिघं भांडत बसलो, आणि ती मुलगी बाजेवरून हसायला लागली. प्लायवूड काढून मी तिथे लोखंडी जाळी बसवली, चोर बाहेर आणि वारा आत. शेगडी अंगणात गेली. भिंतीवर या गॅसचा अलार्मही लावला. काकू त्याच्याकडे संशयाने बघत म्हणाल्या, "हाई चोर धरस का?" मी म्हटलं, "चोर नई काकू. जे दिखस नई, त्याले धरस." आता कुठेही कॅमेरा लावायला गेलो की आधी बाथरूमचा गॅस गीझर बघतो, झरोका बघतो. लोक म्हणतात, हा चोराचं सोडून हवेचंच विचारतो.

बारशाला मला पाटावर बसवलं. काका पाहुण्यांना सांगत होते, पोराला रस्त्यातच शंका आली, अर्ध्या वाटेतून माघारी फिरला. मी लाडू खात मान डोलावली. खरं तुला सांगतो. मी केळीचा ट्रक भरताना बघत उभा राहिलो होतो, तासभर तरी. मग कळलं की ड्रिल मशीन त्यांच्याकडेच विसरलंय. ते न्यायला गेलो होतो. जाईन तिथे काहीतरी ठेवून येतो म्हणून तू जन्मभर बोललीस ना, तीच खोड. हे पत्र वाटीखाली ठेवतोय. आणि ड्रिल, माय, त्या दिवशीही तिथेच राहिलं.