कॉटवरचा झरोका

बाबा,

तुम्ही मंडईतून परत याल तेव्हा मी आणि अन्वी स्वारगेटला पोचलेल्या असू. साताऱ्याला माझ्या आईकडे जातोय. आमटी गॅसवर आहे, पोळ्या डब्यात.

दुपारी सुतार येईल. आमची पोटमाळ्यावरची खोली तापू नये म्हणून पत्र्याखाली जी शीट लावली, तिच्यामागे पाणी धरून फळ्या कुजल्या आहेत. त्या तो बदलेल. शिडीवर तुम्ही चढू नका.

सलिल म्हणतो, शीटच हलकी निघाली. तसं नाहीये. शीट लावतानाच सुताराने बजावलं होतं, खालच्या झरोक्यातून हवा शिरली पाहिजे आणि वरच्यातून बाहेर पडली पाहिजे, नाहीतर आत ओल धरेल. वरचा उघडाच होता. खालचा, तुमच्या कॉटवरचा, काल मला तुमच्या जुन्या धोतराने गच्च बुजवलेला सापडला.

मी तणतणतच तुम्हाला विचारायला येत होते. तेवढ्यात अन्वी म्हणाली, "आजोबांनी माझ्यासाठी लावलंय. तुम्ही दोघं वर भांडायला लागलात की सगळं इथे ऐकू येतं."

पेपर दहा मिनिटं उशिरा आला तर पेपरवाल्याला जिन्यात गाठून सुनावता तुम्ही. आम्हाला वर्षभरात एका शब्दाने बोलला नाहीत.

धोतर धुऊन गॅलरीत वाळत घातलंय. ते परत झरोक्यात कोंबू नका. सलिल आता वर एकटाच असेल.

स्पृहा