सहापैकी तीन तारा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (वाकून केला असता, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच समजून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला फोनवर तुझ्याआधी ऐकू येतो, त्यामुळे त्यांची खुशाली कळते. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. मी भयंकर संतापलो आहे आणि त्याला कारण तुझी लेक आहे. जग तिला पोस्टरवरच्या लांबलचक नावाने ओळखत असेल. मी तिला टिटवीच म्हणणार. पाळण्यात होती तेव्हापासून तिचा आवाज मी ऐकलाय, आणि तेव्हाही तो सुरात नव्हता.

तिची कीर्ती मला खुपते असं म्हणशील तर साफ चूक. हॉटेलच्या दाराशी कुंडीच्या आडोशाला बसून ती गिटार वाजवायची, तेव्हा टाळ्या वाजवणारा मी एकटा होतो. (एक वेटरही होता, पण तो डास मारत होता.) मग ते ‘ओला टॉवेल’ आलं. पलंगावर ओला टॉवेल टाकून कायमचा निघून गेलेल्या माणसाचं गाणं! ते इतकं चाललं की दातांच्या डॉक्टरकडे मी तोंड उघडून पडलो होतो आणि ते माझ्या दाढेत हातोडी घालता घालता तेच गुणगुणत होते. तेही मी सहन केलं. निदान त्याला चाल होती. आता बाईसाहेब ब्लूज गातात. ब्लूज म्हणजे काय ते मला विचार. एक ओळ म्हणायची, तीच ओळ परत म्हणायची, आणि दोनदा सांगूनही कोणी लक्ष देत नाही म्हणून तिसऱ्या ओळीत रडायचं. रडायचं तरी कशाला? घर सुटलं, गाडी चुकली, पोटात अन्न नाही! अगं, हिची गाडी चुकली कधी? तासभर आधी स्टेशनवर नेऊन बसवायचो मी तिला. आणि ते उपाशीपणाचं गाणं तिने आमच्या टेबलावर, पोटभर जेवून, माझ्यादेखत ढेकर देऊन लिहिलंय. सुराचं तर बोलूच नको. नीट सुरावर जाऊन उभं राहायचं सोडून खालून घसटत जाते, मध्येच टेकते, कधीकधी पोचतच नाही. अडतीस वर्षं लोकांचे पियानो लावणाऱ्या माणसाची ही भाची! तिचा कान मी तयार केला, ताई. सुट्टीत ती माझ्याबरोबर कामाला यायची. मी वर पट्टी दाबायचो आणि ही पियानोखाली बसून ओरडायची, ‘मामा, अजून थोडं वर!’ आणि बरोबर असायचं तिचं.

आता मूळ प्रकार. एक बाजू तुला तिच्याकडून कळलीच असेल, खरी आता ऐक. गेल्या शनिवारच्या कार्यक्रमाला तिनेच मला आग्रहाने बोलावलं. संध्याकाळी पाचला मी रंगमंचामागच्या खोलीत हजर. तिथे ही गर्दी! एक बाई तिचे केस विंचरतेय, एक जण जाकिटाला इस्त्री करतोय, एक जण दोन फोनवर दोन वेगळ्या थापा मारतोय. मला खुर्ची दिली. वर एक केळं दिलं. आणि ऐक, तारा लावायला तिने खास माणूस ठेवलाय! डोक्यावर अंबाडा बांधतो. मी रीतसर नमस्कार केला, तर त्याने मला अंगठा दाखवला. (चांगल्या अर्थाने म्हणे.) मग सगळे मिळून स्टेजवरचे दिवे बघायला गेले, अंबाडाही गेला. खोलीत मी, केळं आणि ती गिटार. मी सहज नख लावून पाहिलं. ताई, सहापैकी तीन तारा उतरलेल्या! तिन्ही एकेका सुराने! ह्याला पगार मिळतो? मी खिशातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, आणि चार मिनिटांत सहाच्या सहा तारा धुतल्या तांदळासारख्या करून ठेवल्या. कोणाला बोललो नाही. आपल्याला कुठे मिरवायचं असतं?

आता मला सांग, एका गाण्यासाठी ती तीन तारा मुद्दाम उतरवून घेते हे मला कोणी सांगितलं होतं? बोटात काचेची नळी घालून ती तारांवरून फिरवायची असली की तसंच करतात म्हणे. उद्या कोणी मुद्दाम पाय मुरगळून चालेल आणि म्हणेल ही आमची पद्धत! असो. दिवे मंदावले, हिने नळी घातली, ऐटीत पहिला फटकारा मारला, आणि बाराशे माणसांनी एकदम जीभ चावली गेल्यासारखं तोंड केलं. अंबाडा पांढराफटक पडला. पण तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने गिटारकडे पाहिलं, मग थेट पडद्याआड उभ्या असलेल्या माझ्याकडे, आणि माइकमध्ये म्हणाली, ‘माझे मामा येऊन गेलेले दिसतात.’ सगळा हॉल हसला! मग गिटार बाजूला ठेवून, नुसता पाय आपटत तिने अख्खं गाणं म्हटलं आणि लोक उभे राहिले. (बिनगिटारीचं बरं झालं, हे मी आधीपासून सांगतोय.)

तेव्हापासून माझी अब्रू चव्हाट्यावर आहे. तो प्रकार प्रत्येकाच्या फोनवर फिरतोय. नाचाच्या शाळेतल्या बाई, ज्यांचा पियानो मी वीस वर्षं लावतोय, त्या म्हणाल्या, ‘या मामा, पण लावायच्या आधी विचाराल ना?’ मला! आणि कळस म्हणजे पुढच्या महिन्यात तिचा आमच्या गावातला कार्यक्रम. त्या दोन-फोनवाल्याने माझा फोटो काढून आतल्या खोलीच्या दारावर चिकटवायचं ठरवलंय, खाली ‘वाद्यांपासून लांब ठेवावे’. मला तिकीट पाठवलंय बाल्कनीचं. मी जाऊन पाहून आलो, तिथून स्टेजकडे उतरायला जिनाच नाही.

तेव्हा तिला सांग, मी येणार नाही. भावोजींना नमस्कार.

तुझा अपमानित भाऊ

ता. क. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. दाखवलंसच तर ब्लूजबद्दलचं गाळ. पियानोखालचं ठेव.

ता. क. तिचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत, पण रागाने नव्हे; तिन्ही वेळा घंटी कुठल्या सुरात वाजते तेच ऐकत बसलो.

ता. क. ताई, तुला म्हणून सांगतो. तीन तारा आपोआप नेमक्या तेवढ्याच उतरत नाहीत. अडतीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. कोणीतरी कान देऊन त्या उतरवल्यात, हे माझ्या हाताला पहिल्या नखातच कळलं होतं. तरी खुंट्या पिळल्या. त्या खोलीत सगळ्यांना तिचं काहीतरी काम होतं गं, मलाच नव्हतं. तर तिला एवढं विचार: एखादी जुनी गिटार सहाही तारा उतरवून त्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवता येईल का? मी पाचला येऊन ती लावीन, दुसऱ्या कशाला हात लावणार नाही. वाजवू नको म्हणावं तिला हवं तर. फक्त जाता जाता एकदा ‘अजून थोडं वर’ म्हण म्हणावं.