फळ्यांना तेल

३ मार्च
आले एकदाची. मुलाने घेतलेलं लाकडी घर बरं आहे. मला मागची खोली, तिला छोटी खिडकी, आणि शेजारी कुणी नाही म्हणजे कटकट नाही. सून म्हणाली, आई, दिवसभर बोलायला कुणी नसेल, वहीत बडबड करा. म्हणजे आमच्या कानांना विश्रांती, हे तिने गिळलं. मी चौथी शिकलेली. माझं अक्षर तिला लागलं तर बक्षीस देईन. ती दोघं कामावर जाणार, नात माझ्याकडे. ढमी दहा महिन्यांची आहे, रांगते, दिसेल ते तोंडात घालते. दारापुढचा लाकडी ओटा मात्र पार कुजलाय, आणि जायला-यायला तेवढीच वाट. मुलगा त्याला डेक म्हणतो. म्हणू दे.

५ मार्च
घरामागे उरलेल्या फळ्यांचा ढीग सापडला. जाड, सरळ, वाळवीचं नाव नाही. सुताराला बोलावलं, तर त्याने एक फळी हुंगली आणि थुंकला. म्हणाला, आजी, आधीच्या मालकाने या फळ्या ह्याच ओट्याच्या उपटल्या होत्या; जाळायला गेला तर जळेनात, वितळायला लागल्या. मी म्हटलं, नवं लाकूड खपवायला बऱ्या कहाण्या रचतोस रे. हसला मेला. म्हणाला, लावा मग, पण माझा हात लागणार नाही. घरातलं चांगलं टाकून नवं आणायचं, हे माझ्या हयातीत होणे नाही.

९ मार्च, रविवार
मुलाने आणि मी मिळून ओटा ठोकला. एक फळी कमी पडली, मधोमध वीतभर फट राहिली. लाकूड अगदी कोरडं ठाक. सून तळणीचं जळकं तेल फेकायला निघाली होती, ते हिसकावून घेतलं आणि हाताने चोळलं. चार पोरं मालिश करून वाढवलीत मी. तसंच, अंगठ्याने रेटत, खालून वर. लाकूड घटाघटा प्यायलं. ओटा असा चकाकला की सूनही वाकून बघून गेली.

१४ मार्च
रोज सकाळी आधी ढमीला तेल, मग ओट्याला. फळ्या आता मऊ लागतात, सावलीतही कोमट. गाठी फुगल्यात, बेंबीसारख्या. एकीत मळ दिसला म्हणून केसातल्या आकड्याने उकरला. कानातल्यासारखं पिवळं, चिकट निघालं. वास न धुतलेल्या डोक्याचा. हात तीनदा धुतले, तरी बोटांना येतोच आहे.

१७ मार्च
माशा बसतात, त्या उडत नाहीत. फळ्यांना बारीक लव आलीय. सांध्यांत काखेसारख्या वळ्या, त्यांत पांढरट घाम. सुरीने खरवडलं तर सायीसारखं सोललं, पात्याला लोंबलं. खाली गुलाबी. मी तिथेच ओकले. सून म्हणाली, आई, तेल तुम्हीच ओतलंत, आता किळस कसली, बुरशी आहे ती. मुलगा म्हणाला, रविवारी घासू. ढमी त्यावर गाल टेकून चाटत होती. उचलली तर चिकटपट्टी निघावी तसा आवाज झाला. गाल लाल.

१९ मार्च
तेल बंद केलं. फट चार बोटांवर आलीय, कडा ओल्या. बोट घालून पाहिलं. ढमीला दात येताहेत, रोज हेच बोट तिच्या तोंडात फिरवते. हिरडी मला डोळे मिटूनही कळेल. हिरडीच ती. आत काहीतरी टोकदार वर येतंय. आणि त्याने माझं बोट चोखलं.

२० मार्च
माझ्या चपला गेल्या. तेलकट होत्या. दुपारी कुठून तरी आलेलं मांजर तळणीचा डबा चाटून फटीवर पसरलं — शेपटी तेवढी वर राहिली. मग तीही —
ती दोघं बूट घालून त्यावरून तरातरा आली. ओटा मुकाट पडून होता, लबाड. मुलगा म्हणाला, रविवारी उपटतो, आई, आता झोप.
बुटांना तेल नसतं.

२१ मार्च
चुकले. सवयीने सकाळी ढमीला तेल लावलं. दोघं गेल्यावर दारात लपलप. उंबरा ओलांडून आत आलंय. तिच्याकडेच वळतं.
मागच्या खोलीत. सुताराला फोन केला. धावत आला. खिडकीतून ढमी दिली त्याच्या हातात. म्हणाला, आजी, तुम्हीही या. या कमरेने? म्हटलं, पळ, तिला खाली ठेवू नकोस कुठे.
दाराखालून खोलीत आलं, त्यांच्या मागे जायला वळलं — तेलाचा डबा ओतला, डाव्या हाताने चोळतेय. चोळलं की थांबतं. माझा हात ओळखतं.

मनगटापर्यंत आत. दुखत नाही. नुसतं चोखतंय. शी.

सूनबाई, ढमीला तेल नको. आता कधीच नको. साबणाने धू, दोनदा. काखा, मांड्यांच्या वळ्या. आणि बेंबी नीट बघ, आत पिवळं काही —