दोराचा सांधा

३ फेब्रुवारी

हात पेटलेत! घायपाताच्या पानांचा चीक लागला की अशी खाज सुटते, हे मामंजींनी सांगितलं नाही. मुद्दामच. पळून जाईन असं वाटलं असेल.

नाही पळणार. ह्यांना जाऊन आज दहा महिने झाले. पाण्याच्या टाकीला बाहेरून गिलावा करताना उभं राहायच्या टांगत्या झुल्याचा दोर गेला – हे आणि गवंडी, दोघंही खाली. जागीच संपले. दोर आमच्या घरचा. मामंजी सगळ्यांसमोर म्हणाले, "दोर मी वळलाय. चूक माझी." तेव्हापासून त्यांच्या दोराला कुणी हात लावत नाही आणि ते दोर वळायच्या चाकाला.

आता रोपवाटिकेला दोरी हवीय. झाडं बांधायला! तिच्यावर कुणाचा जीव लटकणार नाही. मामंजी म्हणाले, "माझ्या हातचं कोण घेतंय?" म्हटलं, "माझ्या हातचं घेतील. शिकवा." उठले आणि कोयता माझ्या हातात दिला.

५ फेब्रुवारी

पानं हौदात कुजत घातली. वास! नाक काढून खुंटीला टांगावंसं वाटतं.

१९ फेब्रुवारी

पानं बडवली, खरवडली, चार पाण्यांत धुतली. त्या हिरव्या घाणीतून लांब पांढरे धागे निघाले – वाख. उन्हात असा काही चमकत होता की क्षणभर बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच लाज वाटली.

दुपारी गवंड्याची बायको दारावरून गेली. रोज जाते. रोज आमच्या उंबऱ्याकडे बघून थुंकते. मामंजी मान खाली घालतात. आज मीही घातली.

२४ फेब्रुवारी

मांडीवर वाख वळून वळून कातडी सोललीय. माझी पहिली दोरी मामंजींनी दोन बोटांत धरून उचलली. "हे काय? आजारी गांडूळ?"

हसले! दहा महिन्यांत पहिल्यांदा. स्वतःचंच हसू ऐकून दचकले आणि दोरी उकलायला लागले.

११ मार्च

ते चाक फिरवतात, मी वाख सोडत मागे मागे जाते. "जुना धागा संपायच्या आत नवा मिसळ. दोन टोकं एका जागी आली की तिथंच घात." हे आता झोपेतही म्हणू शकेन.

सहज विचारलं, "आणि दोन दोरांचा सांधा कसा मारायचा?"

"तुला नाही लागणार."

"दोर कमी पडला तर?"

"तर नवा वळायचा!" ओरडलेच. चाक सोडून आत निघून गेले. मी पीळ धरून तशीच उभी. सोडला तर सगळं उकललं असतं.

१२ मार्च

चाकाला हात लावला नाही. जेवले मात्र.

२० मार्च

आज आपणहून सांधा शिकवला. दोन्ही दोरांचे पदर उकलायचे, एकमेकांत ओवायचे, प्रत्येक टोक निदान पाच वेळा. "चारवर थांबायचं नाही. कितीही घाई असो."

माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे आलं की तुला दिसायला लागेल. दिसलं तर दिसलं. मी किती दिवस झाकू?"

काय झाकताहेत, ते विचारायचा धीर झाला नाही.

२ एप्रिल

अपघाताची पोलीस चौकशी संपली. शिपाई पोतं टाकून गेला. आत तो दोर.

मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले. मी पोतं सोडलं. इतके महिने 'तुटला, तुटला' ऐकत होते – दोर तुटलेलाच नाही! सांधा निसटलाय. पदर मोजले. प्रत्येक टोक दोनदाच ओवलंय. दोनदा! आणि ओवलंय डावीकडून. मामंजी सगळं उजवीकडून ओवतात.

हे डावखुरे होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी कळलं. हातात घेतल्याबरोबर."

"मग लोकांना..."

"तो उत्तर द्यायला आहे का, सूनबाई? मी आहे. मला मान खाली घालता येते."

रडू आलं नाही. राग आला – ह्यांचा! अशी कुठं आग लागली होती?

३ एप्रिल

दिवसभर हाताला काम सुधरलं नाही. दुपारी ती आली, थुंकली, गेली. मामंजींनी मान खाली घातली. सत्तरीचा माणूस!

म्हटलं, "मी तिला सांगून येते."

"नको. मेल्यावर त्याला शिव्या खायला लावतेस?"

"तुम्ही जिवंतपणी खाताय त्याचं काय?"

हात जोडले त्यांनी. माझ्यापुढे! तरी उद्या जाणार. ह्यांचं नाव जाईल. जाऊ दे.

४ एप्रिल

गेले मी गवंड्याच्या घरी. दारातच उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता झिंज्या धरेल. ती चौकटीला टेकून खाली बसली.

"दोर कमी पडला तेव्हा तुझा नवरा नवा आणायला निघालाच होता. आमच्या ह्यांनी अडवलं. 'दिवस फुकट जाईल, मार इथंच सांधा.' मी डबा घेऊन गेले होते. समोर उभी होते मी."